नदीपलीकडची यादी

शोभाताईंनी लग्नाच्या त्रेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, आणि तेही चार बायकांनी दार अडवून धरलं तेव्हा. एरवी त्यांचं सगळं 'अहो'वर भागायचं. ते लांब असतील तर 'अहो, ऐकलंत का', चिडल्या असतील तर 'अहो, कान आहेत की नाहीत', आणि तिसऱ्या माणसाशी बोलताना 'आमचे हे' किंवा 'जयेशचे बाबा'. सून विशाखा चिडवायची, "आई, बाबांचं नाव घेतलं तर आकाश कोसळणार आहे का?" त्यावर शोभाताई म्हणायच्या, "तू नवऱ्याला 'जयू, कचरा टाकून ये' म्हणतेस, तेव्हा मी काही बोलते का? मग!" विषय तिथेच संपायचा. विशाखाही फार ताणून धरायची नाही, कारण सासूबाईंनी सांगलीहून दोन किलो कांदा-लसूण चटणी आणली होती, आणि ती संपेपर्यंत तरी शहाण्या माणसाने वाद घालू नये.

तर अशा या शोभाताई आणि त्यांचे 'हे', म्हणजे श्यामकांतराव (आपल्याला नाव घ्यायला काही बंदी नाही), तीन महिन्यांच्या व्हिसावर हॉलंडमधल्या रायस्वाइकला लेकाकडे आले होते. जयेश आणि विशाखा सकाळी आठला सायकली काढायचे ते संध्याकाळी सहाला उगवायचे. मागे हे दोघं. श्यामकांतराव खिडकीशी बसून मोबाईलवर सांगलीच्या बातम्या बघायचे. एवढं विमानाचं दिव्य करून यायचं आणि पुन्हा कृष्णेची पाणीपातळीच बघायची, याला काय म्हणावं! शोभाताईंना ते जमेना. त्यांना बोलायला माणूस लागतं, आणि इथली माणसं कशी, तर लिफ्टमध्ये गोड हसतात, 'खुये मोर्खन', म्हणजे गुड मॉर्निंग, म्हणतात आणि आपापल्या मजल्यावर उतरून जातात.

मग एके दिवशी लिफ्टमधून एक म्हातारा बाहेर आला. काळासावळा, काटकुळा, डोक्यावर लोकरी टोपी, आणि हातातल्या पिशवीतून कारली डोकावतायत! कोवळी, हिरवीगार, काटेरी कारली. शोभाताईंचा धीरच सुटला. "अहो भाईसाब, ये कारली किधर मिली?" त्यांची हिंदी ही अशी, सांगलीच्या बाजारात घडलेली.

म्हातारा थांबला, आणि चक्क हिंदीसारखंच काहीतरी बोलला. "हम अपने लगइली, बेटी." म्हणजे स्वतःच लावलेली.

सदुसष्ट वर्षांच्या बाईला कोणी 'बेटी' म्हटलं तर ती त्या माणसाला आयुष्यभर विसरत नाही. कारली घरात आली, चिंच-गूळ घालून त्यांची भाजी झाली, वाटीभर शेजारी गेली, आणि आठवडाभरात दोन्ही घरांचं जमलं.

म्हाताऱ्याचं आडनाव बिसेसर. वय शहाऐंशी. शेजारच्या फ्लॅटमध्ये ते आणि त्यांची लेक देवकी राहायचे. देवकी पन्नाशी ओलांडलेली, एका प्राथमिक शाळेत शिकवायची. मूळचे हे लोक दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचे. त्यांचे खापरपणजोबा बिहारकडून जहाजात बसून उसाच्या मळ्यांवर करारावर गेले, आणि सुरिनाम तेव्हा डचांचं. पंचाहत्तर साली तो देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथले निम्मे लोक इकडे आले. त्यात बिसेसरकाका, त्यांची बायको आणि चार वर्षांची देवकी. बायको पाच वर्षांपूर्वी गेली. घरात बापलेक एक जुनी भोजपुरी बोलायचे. शोभाताईंना ती निम्मी कळायची, पण आजोबाला ते 'आजा' म्हणतात आणि आजीला 'आजी'च, हे ऐकल्यावर उरलेली निम्मी त्यांनी समजली असं धरून टाकलं. तेव्हा पुढचं सगळं बोलणं मी सरळ मराठीत सांगतो, नाहीतर तुम्हीही निम्म्यावरच अडकाल.

काकांचा गावाबाहेर भाड्याचा एक छोटा मळा होता. इथे बऱ्याच जणांचा असतो. कुंपण, पाण्याची टाकी, काचेचं एक खोपटं. त्या खोपट्यात कारली, बाहेर चवळी आणि वांगी. शोभाताई दुपारी त्यांच्याबरोबर जायला लागल्या. श्यामकांतराव म्हणाले, "सांगलीला कुंडीत तुळस जगत नाही तुझ्याकडे." पण त्या गेल्याच. तिथे एकदा चवळीच्या वेलांना सुतळी बांधता बांधता काकांनी आपलं गाठोडं सोडलं.

त्यांच्या आई-वडिलांचं दुकान होतं आल्बिना नावाच्या गावी, मारोवाइन नदीच्या काठावर. खारवलेले मासे, रॉकेल, कापडाचे तागे, जे मागाल ते. नदीच्या पलीकडे फ्रान्सचा मुलूख. काका इकडे आले, आई-वडील दुकान सोडून यायला तयार झाले नाहीत. मग शहाऐंशी साली तिकडे यादवी पेटली. एका बाजूला सरकारी फौज, दुसऱ्या बाजूला जंगलातले बंडखोर, आणि मध्ये हे गाव. गाव जळालं. दुकान राहिलं नाही, घर राहिलं नाही.

"आणि आई-वडील?" शोभाताईंनी विचारलं.

"तेच तर," काका म्हणाले. "लढाई संपल्यावर तिकडे शिरगणती झाली. तिच्यात ते नाहीत. मेलेल्यांच्या यादीत नाहीत. हजारो लोक नदी ओलांडून पलीकडच्या छावण्यांत गेले होते, त्यांच्या याद्यांतही नाहीत. ना जित्यांत, ना मेल्यांत. आता जगून-वाचून असण्याचा प्रश्नच नाही, बाबूजी आज एकशे दहा वर्षांचे असते. मला फक्त एवढंच कळायला हवं की ते आगीत गेले की नदी पार करून गेले. अडतीस वर्षं झाली, डोळे मिटले की मला दुकानच जळताना दिसतं. हे कळल्याशिवाय मला मरायचं नाही आणि किती थांबवणार मरण?"

शोभाताई सुतळीचं टोक हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी देवकीला गाठलं. देवकीने लॅपटॉप उघडून दाखवला. बारा वर्षं ती शोधत होती. सुरिनामच्या कचेरीला पत्रं झाली होती, छावण्यांत काम केलेल्या एका मदत संस्थेने आपल्या हस्तलिखित याद्यांचे फोटो लोकांसाठी खुले केले होते, तेही तिने मिळवले होते. सातशे पानं. दर वर्षाची वेगळी यादी, कुटुंबप्रमुखाच्या नावाने लावलेली. "'बी'ची सगळी पानं मी चार वेळा वाचलीयत," देवकी म्हणाली. "बिसेसर, बिशेशर, विश्वेश्वर, सगळं करून झालं. आजाचं नाव महादेव, तेही शोधलं. नाहीत, शोभामावशी. मला वाटतं पापांना सांगून टाकावं, की गेले ते आगीत. निदान वाट बघणं तरी थांबेल."

"थांब गं," शोभाताई म्हणाल्या. "घाई काय आहे?" आणि घरी येऊन त्या जेवल्याच नाहीत नीट. श्यामकांतराव म्हणाले, "झालं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या." शोभाताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पुढची भाकरी त्यांना जरा जास्तच भाजलेली मिळाली.

आता पुढचा प्रकार घडला तो श्यामकांतरावांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे. तीन महिन्यांच्या गोळ्या मोजून आणल्या होत्या म्हणे, आणि दोन महिन्यांतच डबी रिकामी. कशा, ते विचारू नका; घरात त्यावरून बरंच झालं. विशाखाने फोन करून विचारलं आणि सांगितलं, "सकाळी नऊला हाउसआर्ट्सकडे जा, आपला नेहमीचा डॉक्टर आहे. काउंटरवर नाव सांगा आणि बसा. मला मीटिंग आहे, नाहीतर मी आले असते." दोघं गेले. दारातून आत शिरले आणि श्यामकांतरावांना बाथरूम आठवली. त्यांना ती नेहमी अशा वेळीच आठवते.

काउंटरवरच्या मुलीने हसून इंग्रजीत विचारलं, "पेशंटचं नाव?"

शोभाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं म्हटलं तर काय, चार अक्षरं. पण जीभ रेटेना. मागे चार गोरी माणसं उभी, पुढे ही पोरगी बोटं कीबोर्डवर ठेवून हसतेय. 'हे येतील, ते सांगतील' हे इंग्रजीत कसं म्हणायचं तेही आठवेना. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्या म्हणाल्या, "जयेश'स फादर."

"ओके," मुलगी म्हणाली, आणि टाइप केलं. शोभाताईंनी सुटकेचा श्वास सोडला.

पाऊण तास गेला. आतून बाई दोनदा बाहेर आली आणि "मेनेर जयेश? मेनेर जयेश?" (मेनेर म्हणजे श्रीयुत) असं म्हणून इकडेतिकडे बघून गेली. श्यामकांतराव शेजारी मोबाईलवर कृष्णेची पातळी बघत होते. मागून आलेली माणसं आत जाऊन, तपासून, औषधं घेऊन घरी गेली. तेव्हा श्यामकांतरावांचा पारा चढला. ते काउंटरवर जाऊन आपलं नाव ठासून सांगू लागले. मुलीने यादी वर-खाली केली. अशा नावाचा कोणी नाही, म्हणाली. त्यांनी पासपोर्ट काढून काचेला लावला. तिने पुन्हा पाहिलं. नाही.

"मी इथे उभा आहे!" श्यामकांतराव ओरडले, तेही मराठीत. "सगळा साडेपाच फूट तुझ्यासमोर उभा आहे आणि म्हणे यादीत नाही!"

शोभाताई लाजेने लाल होऊन त्यांची बाही ओढायला उठल्या, आणि अर्ध्यातच मटकन खाली बसल्या. "अगं बाई!" एवढंच त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "अगं बाई बाई बाई!"

श्यामकांतराव घाबरले. "काय झालं? चक्कर येते का?"

"मला काही झालेलं नाही. तुम्ही गोळ्या घ्या आणि घरी या. मी चालले." आणि नवऱ्याला परक्या देशात, परक्या काउंटरवर, यादीबाहेरच सोडून त्या तरातरा निघाल्या. त्रेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे देवकी घरीच होती. काका खुर्चीत बसून वांग्याच्या बिया कागदावर वाळत घालत होते. शोभाताईंनी चपला काढल्या न काढल्या आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"काका, तुमची आई तुमच्या वडिलांना हाक कशी मारायची?"

काका गोंधळले. "हाक? 'ऐकता का' म्हणायची. आणि कशी मारणार?"

"नाव घ्यायची?"

"नाव कसं घेईल? बाईमाणूस!" काका जवळजवळ रागावलेच. "नवऱ्याचं नाव आणि थोरल्या दिराचं नाव, जीव गेला तरी नाही. आमच्यात नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे."

"आमच्यातही. मग मला सांगा, नदी ओलांडून ती छावणीत गेली असेल, आणि समोर फ्रेंच कारकून बसला असेल, आणि त्याने विचारलं असेल, नवऱ्याचं नाव काय?"

"बाबूजी सांगतील ना."

"बाबूजी आजारी असतील तर? तापाने पडले असतील, बोलायच्या अवस्थेत नसतील तर?"

देवकीचा हात आपोआप लॅपटॉपकडे गेला. ती इथे वाढलेली. कचेरीतसुद्धा नवऱ्याचं नाव न सांगणारी बायको तिने पाहिलीच नव्हती. शिकलेली, हुशार मुलगी, बारा वर्षं सातशे पानं चाळतेय, आणि उत्तर शेजारच्या फ्लॅटमध्ये 'अहो, अहो' करत फिरतंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"मग ती मुलाच्या नावाने सांगेल," काका सावकाश म्हणाले. "अमक्याचा बाप. गावात सगळ्या बायका तसंच सांगायच्या."

"आणि कारकुनाला वाटेल तेच यांचं नाव. थोरलं अपत्य कोण?"

"मी. पण माझं नाव बघू नका," काका घाईने म्हणाले. "कौसल्या बघा. माझी धाकटी बहीण, लहानपणीच गेली. तिच्या नावाने सांगितलं असेल."

"का? थोरले तुम्ही."

काकांनी बियांचा कागद बाजूला ठेवला. मग खाली बघत सांगितलं. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी आई रोट्या लाटत होती. ती बाहेर आली नाही. बैलासारखा धष्टपुष्ट थोरला मुलगा म्हाताऱ्यांना दुकानात टाकून परदेशी निघाला, याचा तिला एवढा राग आला की तिने मान वर केली नाही. काकांनी दारातून दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, ती लाटतच राहिली. पुढे अकरा वर्षं वडिलांची पत्रं यायची, चार ओळींची. आईला लिहिता येत नव्हतं, पण एखादा शब्द तरी सांगून लिहवायला काय झालं होतं? वडील लिहायचे, 'तुझी आई ठीक आहे.' एवढंच. "तिने माझं नाव टाकलं होतं," काका म्हणाले. "माझ्या नावाने ती काही सांगणार नाही. कौसल्या बघा."

देवकीने 'के'ची पानं उघडली. एक एक ओळ बघत गेली. शोभाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. वीसेक मिनिटांनी देवकीने मान हलवली. कौसल्या नावाचं कोणी नव्हतं.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आगीतच गेले ते." आणि उठायला लागले.

"बसा खाली!" शोभाताई अशा काही कडाडल्या की शहाऐंशी वर्षांचा माणूस मुकाट्याने बसला. "मीही आई आहे. जयेश इकडे यायला निघाला तेव्हा मी आठ दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते. आईचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, काका, खाली आच असते म्हणून वर येतं. देवकी, पापांचं नाव बघ."

काकांचं नाव रामकिसुन. 'आर'मध्ये रामकिसुन बरेच निघाले, कारण तिकडे ते आडनावही असतं. देवकी त्यांवरून बोट फिरवत गेली आणि एका ओळीवर थांबली. तिने ती आधी मनातल्या मनात वाचली, मग तोंडावर हात ठेवला.

"अगं, मोठ्याने वाच!" शोभाताई म्हणाल्या.

"डिसेंबर एकोणीसशे शहाऐंशी," देवकी वाचू लागली. फ्रेंच तिला शाळेपुरतं येत होतं, तेवढं पुरे होतं. "रामकिसुन, बाप. वय बहात्तर. आल्बिना, दुकानदार. आजारी. रामकिसुन, आई. वय अडुसष्ट. माहिती देणारी, आई." ती थांबली. "पुढे अंगठा आहे, पापा. आजीचा अंगठा."

दोघं नदी ओलांडून गेले होते. जिवंत गेले होते. पुढे पलीकडच्या गावच्या कचेरीला रामकिसुन या नावाने पत्र गेलं आणि ऑगस्टमध्ये उत्तर आलं: बाबूजी त्र्याण्णव साली गेले, आई शहाण्णव साली, दोघंही म्हातारपणाने, अंथरुणावर. पण ते पुढचं. त्या दुपारी कोणाला पत्राबित्राचं भान नव्हतं. शोभाताई सरळ रडायलाच लागल्या. त्यांना रडू येतं तेव्हा त्या लपवत नाहीत, पदर लावून मनसोक्त रडतात. श्यामकांतराव गोळ्यांची पुडी हातात घेऊन भांडायलाच म्हणून दारात आले होते, ते काही न विचारता कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

काका मात्र रडत नव्हते. ते स्क्रीनकडे बघत होते, पण डोळ्यांना दिसत नव्हतं. "माझ्या नावाने सांगितलं?" त्यांनी विचारलं. "नीट बघ. दुसरा कोणी रामकिसुन असेल."

"आल्बिनाचा दुकानदार, पापा. हेच." देवकीने पुढची पानं उघडली. नदीपलीकडे दर वर्षी शिधापत्रिकेसाठी नव्याने नाव नोंदवावं लागायचं. पहिल्या वर्षी बाबूजी आजारी होते. नंतरच्या वर्षी बरे झालेले दिसत होते, धंद्याच्या रकान्यात 'भाजीपाला' लिहिलं होतं. तरी माहिती देणारी आईच. रांगेत तीच उभी राहिली होती, कारकुनासमोर तीच बसली होती. तिने दर वर्षी तेच सांगितलं होतं.

"वाच," काका म्हणाले. "सगळी वाच."

देवकीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "सत्त्याऐंशी. रामकिसुन, बाप. रामकिसुन, आई. अंगठा."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "हाँ, माई," ते हळूच म्हणाले.

"अठ्ठ्याऐंशी. रामकिसुन, बाप. रामकिसुन, आई."

"हाँ, माई."

एकोणनव्वद, नव्वद, एक्याण्णव. देवकी वाचत गेली, आणि प्रत्येक वेळी काका 'ओ' देत गेले, आतल्या खोलीतून आईने हाक मारावी आणि पोराने उत्तर द्यावं तसे, दर वेळी जरा मोठ्याने.